दाबूची नस

“मशीन-बिशीन माझ्या मांडीला लावायचं नाही. हजारदा सांगितलं.”

“हजारदा नाही काका, तिसऱ्यांदा सांगताय. आणि मी पण तिसऱ्यांदा विचारतेय, का नाही?”

“नाही म्हणजे नाही.”

“पप्पा, त्या डॉक्टर आहेत,” मी मध्ये तोंड घातलं.

“तू गप रे. तुला वकील नेमलाय कुणी?”

घ्या. छातीत यांच्या दुखतंय, खुर्चीत बसून पाठ माझी मोडलीय, आणि गप पण मीच बसायचं. डॉक्टरीण तरुण होती. केसांची पोनी, पायात धावायचे बूट. सगळे तिला मॅडम म्हणायचे, मी मनात पोनीवाली म्हणायचो. तीही चिडली होती, पण आवाज चढवत नव्हती. मला ते जमत नाही.

विषय साधा होता. पप्पांच्या हृदयाच्या नसा तपासायच्या होत्या, आणि त्यासाठी अंगातल्या एखाद्या मोठ्या नसेत सुई घालून, तिच्यातून बारीक नळी सरकवत सरकवत हृदयापर्यंत न्यावी लागते. बहुतेकांची मनगटातून जाते. पप्पांची दोन्ही मनगटं टोचून झाली, नसा अशा आखडल्या की नळी इंचभर पुढे जाईना. मग राहिली जांघ. जांघेतली नस जाड, बोटाला तिचे ठोके लागतात. पोनीवालीचं म्हणणं एवढंच की टोचताना सोनोग्राफीचं मशीन लावू, म्हणजे नस पडद्यावर दिसेल आणि सुई नेमकी कुठे चाललीय तेही दिसेल.

“ते पोटातलं बाळ बघायचं मशीन,” पप्पा म्हणाले. “माझ्या जांघेत काय बाळ आहे?”

शेजारच्या पलंगावरचे आजोबा खदखदून हसले. पप्पांचा हात लगेच वर गेला. “हसू नका आजोबा! हसलं की रक्त येतं.”

ही त्यांची सवय. कारण एरवी माझा बाप पलंगावर नसतो, पलंगाच्या बाजूला उभा असतो. ह्याच हॉस्पिटलात. आणि त्याचं काम आहे दाबणं.

खरंच. काम झालं आणि नळी बाहेर काढली की नसेला भोक राहतं. ते सोडून दिलं तर रक्ताची पिचकारी समोरच्या भिंतीवर. मग कुणीतरी जांघेत बोटं रोवून, अंगाचा सगळा भार टाकून उभं राहायचं, भोक मिटेपर्यंत. नाक खाजलं तरी हात काढायचा नाही. डॉक्टर टोचतात आणि हात धुवायला जातात, मागे उरतात पप्पा. सगळं हॉस्पिटल त्यांना दाबू म्हणतं. ‘दाबूला बोलवा.’ ‘दाबू जेवायला गेला काय?’ मोठे साहेब, म्हणजे तिथले सगळ्यात जुने हार्टचे डॉक्टर, त्यांनी हे नाव ठेवलं, आणि पप्पा ते छातीवर बिल्ला लावल्यासारखं मिरवतात. दोन्ही अंगठे मागे वाकलेत त्यांचे. घरी बरणीचं झाकण उघडायचं असलं की मला हाक मारतात.

आणि तोंड! घरी त्याला कुलूप. आई म्हणते, ह्या माणसाशी बोलायचं तर पेशंट होऊन झोपावं लागेल. कारण दाबताना हा माणूस रेडिओ होतो. पेशंटने पाय हलवायचा नसतो, म्हणून त्याचं मन गुंतवायचं. आणि गुंतवायला काय सांगतात? माझ्या भानगडी. मी शाळेच्या पाण्याच्या टाकीत उतरलो आणि वर येता येईना, मग शिपायाने मला बादलीच्या दोरीने कसा ओढला. असलं सगळं. मध्येच म्हणायचं, “हसू नका हं, हसलं की रक्त येतं.”

एकदा त्या टेबलावर आमचे गणिताचे सर होते. बरे होऊन आले आणि पहिल्याच तासाला अख्ख्या वर्गासमोर म्हणाले, “काय रे टाकीतल्या बेडका?” मी डस्टर फेकून मारला. लागला नाही. शाळा मात्र सुटली, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. आता पंक्चरच्या दुकानात बसतो. पप्पा म्हणतात, बापलेक एकाच धंद्यात, भोकं बुजवायच्या.

तर पोनीवाली पाय आपटत गेली. मी खुर्ची पलंगाला चिकटवली.

“पप्पा, मी पंक्चर कसं काढतो? ट्यूब पाण्यात बुडवतो. बुडबुडा दिसला की तिथे ठिगळ लावतो. डोळे मिटून लावतो का?”

“माणूस म्हणजे ट्यूब नव्हे.”

“मग तर जास्तच बघायला पाहिजे!”

“हळू बोल.” त्यांनी इकडेतिकडे बघितलं. “अरे, मला साहेब टोचणार आहेत. स्वतः. एवढा मोठा माणूस, हल्ली कुणासाठी हात धुऊन टेबलापाशी येत नाही. त्यांनी नुसती तीन बोटं ठेवली की नस सापडते. त्यांच्यासमोर मी मशीन मागू? म्हणजे साहेब, तुमच्या बोटांवर माझा भरवसा नाही, असं तोंडावर सांगू?”

“सांगा की!”

“त्यांनी टोचलेलं मी जन्मभर दाबलंय.”

“मग जन्मभर इतकं दाबावं का लागलं, ते पण विचारा एकदा.”

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं संपलं. पण भिंतीकडे बघतच म्हणाले, “मॅडम मशीन लावून टोचतात ना, तेव्हा मला बोलवत नाहीत. भोक नीट जागेवर पडतं. मग त्या एक छोटं बूच बसवतात आतून. झालं. पेशंट संध्याकाळी चालतो.”

“मग चांगलंच आहे की.”

“हो. चांगलंच आहे.”

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला. मी नुसता तापलो होतो.

टोचायच्या वेळी चष्मेवाल्या टेक्निशियनने मला काचेच्या अलीकडे उभं राहू दिलं, दाबूचा मुलगा म्हणून. काचेपलीकडे टेबल, टेबलावर पप्पा, अंगावर हिरवी चादर. जांघेजवळ चादरीला चौकोनी खिडकी. माझा बाप त्या खिडकीएवढाच उरला होता. बोलणं स्पीकरवर ऐकू येत होतं.

साहेब आले. पांढरे केस, सरळ पाठ, रुबाब. “काय दाबू! आज तूच टेबलावर? मग दाबणार कोण?”

सगळे हसले. पप्पा पण हसले. पोनीवाली हसली नाही. ती कोपऱ्यात त्या मशीनजवळ उभी होती, हात मशीनच्या दांड्यावर. म्हणाली, “सर, लावू का?”

“दाबूला विचार.”

“नको साहेब,” पप्पा म्हणाले. असा आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या पोराचा असतो तसा.

साहेबांनी तीन बोटं ठेवली, सुई घातली. काळपट रक्त आलं, संथ. टेक्निशियन माझ्या शेजारी पुटपुटला, “चुकलं. ही अशुद्ध रक्ताची नस.” सुई काढली, पुन्हा घातली. काहीच आलं नाही. पप्पा छताकडे बघत होते, पायाची बोटं तेवढी आखडली होती. मी काचेवर कपाळ टेकवलं. मशीन दोन हातांवर होतं. दोन हातांवर! तिसऱ्यांदा लाल रक्त उसळलं.

“आलं बघ,” साहेब म्हणाले. “आपल्याला लागतं का मशीन?”

“नाही साहेब.”

पुढचं नीट झालं, ते नाकारत नाही. हृदयाच्या एका नसेत अडथळा होता, साहेबांनी तिथे जाळीची नळी बसवली, छातीत दुखायचं थांबलं. साहेब हातमोजे काढून गेले. जांघेतली नळी नंतर काढायची होती. ती काढायला वॉर्डात पोनीवाली आली. आणि दाबायलाही तीच, कारण दाबणारा पलंगावर होता.

ती स्टुलावर चढून दाबत होती, आणि तिच्या कपाळावर आठी. “काका, खाली टोचलं गेलंय. माझ्या हाताला हाड लागत नाहीये.”

“भार टाका मॅडम. होतं.”

“हाड लागत नाही म्हणजे काय?” मी विचारलं.

तिने दाबता दाबताच सांगितलं. जांघेत नसेला पुढे दोन फाटे फुटतात. फाट्याच्या वर टोचलं तर नसेच्या मागे हाड असतं, हाडावर नस दाबली की भोक बंद. फाट्याच्या खाली नुसतं मांस. उशीवर पाण्याचा पाईप ठेवून दाबल्यासारखं. “फाटा बोटाला कळत नाही,” ती म्हणाली. “मशीनवर दिसतो.”

मी पप्पांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते. झोप आल्याचं नाटक.

तिने बराच वेळ दाबलं. रक्त थांबलं. सिस्टरने जांघेवर निळसर डाग पडला होता त्याच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढली आणि मला म्हणाली, “डाग रेघेबाहेर गेला तर मला हाक मार.” मग मी राखणदार. दुसऱ्या दिवशी दुकानाला दांडी मारून रेघ बघत बसलो.

डाग रेघेबाहेर गेला नाही. पण दुपारी पातळ चादर हलायला लागली. त्या एकाच जागी, जांघेवर. टुक. टुक. टुक. खाली उंदीर असावा तसं.

“पप्पा, चादर उडतेय.”

“श्वास आहे तो.”

“श्वास जांघेतून घेता काय?”

“शहाणपणा नको. असल्या हजार जांघा बघितल्यात मी.”

मी चादर ओढली. लिंबाएवढा फुगा होता आणि तो उडत होता. पप्पांनी स्वतः बोटं ठेवली. मी त्यांचा चेहरा बघत होतो. त्यांना कळलं. शपथेवर सांगतो, कळलं. प्रत्येक पेशंटला घरी सोडताना ते बजावतात, जांघेत गाठ उडायला लागली तर जेवत असाल तर ताट सोडून या. आणि त्यांनी काय केलं? चादर वर ओढली.

“सूज आहे. उतरेल. साहेबांना सांगू नकोस.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “साहेबांना? पाय तुमचा आहे की साहेबांचा?” वॉर्डभर ऐकू गेलं असेल. आजोबा उठून बसले. मी धावत सुटलो. सिस्टर भेटली तिला सांगितलं, जिन्यात पोनीवाली भेटली तिला सांगितलं, आणि तेच मशीन ढकलत वॉर्डात मीच आणलं. त्याचं एक चाक अडकत होतं. तेलसुद्धा घालत नाहीत.

ह्या वेळी पप्पांना कुणी विचारलं नाही. पोनीवालीने जांघेवर थंड जेल ओतलं, त्यावर मशीनची वायरला जोडलेली मूठ टेकवली आणि पडदा पप्पांकडे वळवला. मी पण वाकलो.

काळा गोल, धडधडणारा. “ही तुमची नस,” ती म्हणाली. तिने मूठ खाली सरकवली, एका गोलाचे दोन गोल झाले. “हा फाटा. आणि भोक इथे, फाट्याच्या खाली.” तिने एक बटण दाबलं, पडद्यावर रंग आले. नसेच्या बाहेर एक पिशवी होती, तिच्यात लाल-निळं रक्त भोवऱ्यासारखं फिरत होतं. नसेतून पिशवीत जाणारी बारीक वाट लालभडक. “आता ही वाट दाबून धरायची. आत गुठळी झाली की पिशवी आपोआप बंद. नाही झाली तर इंजेक्शन, नाहीतर ऑपरेशन.”

तिने मुठीनेच दाबायला सुरुवात केली. पडद्याकडे बघत. जरा इकडे, जरा तिकडे. लाल वाट बारीक झाली, आणखी बारीक, आणि विझली. नस मात्र शेजारी धडधडत होती.

“बस. हलू नका काका.”

पप्पा हलले नाहीत. पापणीसुद्धा नाही. पडद्याकडे बघतच म्हणाले, “म्हणजे दिसतं होय? दाबताना?”

“हो.”

“कुठे दाबलंय ते?”

“हो काका.”

“रक्त थांबलं की नाही, तेही?”

“तेही. म्हणजे उगाच जोर लावावा लागत नाही.”

पप्पांनी स्वतःचे अंगठे बघितले. आधी एक, मग दुसरा. “मला वाटलं, हे टोचणाऱ्यांसाठी असतं.”

पोनीवाली काहीतरी बोलणार होती. ‘तुम्ही कधी विचारलं नाहीत’ असंच असणार. पण तिने ते गिळलं. म्हणाली, “मी सांगायला हवं होतं.”

मशीन त्या काचेपलीकडच्या खोलीत कोपऱ्यात उभं होतं, माझा बाप रोज त्याच्या शेजारी घाम गाळत उभा राहायचा, आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही. साहेबांच्या नाही, हिच्या नाही. आणि आमचे हे! त्यांनी मशीनशी वैर धरलं आणि ते बघितलंच नाही. कुणावर चिडायचं तेच कळेना, म्हणून मी सगळ्यांवर चिडलो.

तिचे हात भरून आले. मला म्हणाली, “इकडे ये. माझ्या हातावर हात ठेव आणि भार टाक. मी मूठ धरते.” मी ठेवला. “थोडं वर. जास्त झालं. हां, अस्सं.” माझ्या तळव्याखाली तिचा हात, त्याखाली मूठ, त्याखाली बापाची नस. खांद्यात गोळे आले. हा माणूस घरी आल्यावर बोलत का नाही, ते मला तेव्हा थोडं कळलं. आणि राग आला की असं कळायला हे सगळं व्हावं लागतं.

“सांग काहीतरी,” पप्पा म्हणाले.

“काय?”

“काहीही. पेशंटला सांगायचं असतं.”

मला कुठे सुचतंय. म्हटलं, परवा दुकानात एक माणूस आला, जाडजूड, सायकल ढकलत. म्हणाला पंक्चर काढ. मी ट्यूब काढली, पाण्यात बुडवली, बुडबुडा नाही. पुन्हा बुडवली, नाही. अर्धा तास शोधतोय. शेवटी मालक येऊन म्हणाला, गाढवा, दुसऱ्या चाकाची काढ.

पप्पांचं पोट हललं.

“हसू नका,” मी ओरडलो. “हसलं की रक्त येतं!”

सिस्टर हसली, आजोबा हसले, पोनीवालीने ओठ चावले. पप्पांनी हसू दाबलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. मी पडद्याकडे बघितलं. लाल काही आलं नव्हतं.

मग आम्ही हात सोडले, बघितलं, पुन्हा दाबलं. शेवटी पिशवीतला भोवरा थांबला आणि ती राखाडी झाली. पोनीवाली म्हणाली, जमलं. पाय वाचला. पप्पा म्हणाले, थँक्यू मॅडम, आणि मग माझ्याकडे न बघता, “हात चांगला आहे ह्याचा.”

इथे संपायला पाहिजे होतं. सगळं गोड.

पप्पा कामावर परत गेले. पहिल्या दिवशी घरी येऊन चक्क बोलले. साहेबांना विचारलं म्हणे, “साहेब, दाबताना ते मशीन जरा लावून बघू का?” साहेब म्हणाले, “तुला काय कळायचंय त्यातलं? अरे, तुझे अंगठे हेच मशीन!” आणि पाठीवर थाप मारली. हे पप्पा आईला कौतुक म्हणून सांगत होते. आई पण म्हणाली, बघा, साहेबांना किंमत आहे तुमची. मी घास टाकून उठलो. कुणालाच कळत नाही का? ती थाप नव्हती. ते दार लावलं होतं तोंडावर.

“मॅडमना विचारा मग,” मी म्हटलं.

“साहेब नको म्हणाल्यावर? मॅडमना उगाच बोलणी खावी लागतील.”

परत तेच. सगळ्यांचा मान राखायचा, फक्त स्वतःच्या अंगठ्यांचा नाही.

आज ते गोळ्या घरी विसरले, म्हणून मी द्यायला आलो. टेक्निशियनने काचेपर्यंत सोडलं. आत टेबलावर एक बाई होत्या आणि पप्पा दाबत उभे होते, कोपर ताठ, अंगठे मागे वाकलेले. खोलीत दुसरं कुणी नाही. मशीन कोपऱ्यात, प्लगसुद्धा लावलेला नाही. बाईंनी मान उचलली. “हलू नका ताई,” पप्पा म्हणाले. एवढंच. माझी टाकीची गोष्ट नाही, काही नाही. मी वाट बघत उभा राहिलो, सांगतील म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, सांगा की, सांगा त्या बाईंना, मी बेडूक तर बेडूक.

पण ते त्या बाईंकडे बघतच नव्हते. दाबत होते आणि बघत होते मशीनच्या बंद पडद्याकडे. अगदी नीट, लक्ष देऊन. मध्येच बोटं जराशी वर सरकवली, पुन्हा पडद्याकडे बघितलं. पडदा काळा.

मी बाहेर येऊन बाकड्यावर बसलोय. गोळ्या अजून हातातच आहेत. डोकं असं भणभणतंय की इथला कचऱ्याचा डबा लाथेने उडवावा. पण डस्टर फेकून काही होत नाही, तो लागत नाही. पोनीवाली आत्ता जिन्याने वर गेली, बुटांचा आवाज ऐकला मी. एक प्लग लावायचा असतो फक्त. बाई अजून टेबलावर आहेत, पप्पांचे हात अजून तिथेच आहेत.

चला, मला आता जिन्याकडे निघायला पाहिजे.